आवाज कानातला की कीबोर्डमधला

गेल्या हिवाळ्यात महिना-सव्वा महिना मी नवऱ्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली. लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर लपवण्यासारखं फारसं काही उरत नाही, तरी ही लपवली. मला वाटत होतं, माझे कान जायला लागलेत.

मी कोपरगावात मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं संगीत शिकवलं. निवृत्त झाले तरी कॉलनीत अजून सगळे मला 'बाई'च म्हणतात. दर गुरुवारी दुपारी आमच्या पुढच्या खोलीत भजनी मंडळाच्या आठ-दहा बायका जमतात आणि साथीला माझा जुना कीबोर्ड असतो. नोकरीला लागल्यावर तीन-चार वर्षांनी नगरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून मी तो घेतला. तेव्हाही तो नवा नव्हता. जपानी बनावटीचा, एकसष्ट पट्ट्यांचा, अंगानं चांगला जड. त्याच्यावरची इंग्रजी अक्षरं कधीच पुसून गेलीत. ठेक्याचं एक बटण तुटलं, त्या जागी मी शिवणाच्या डब्यातली गुंडी चिकटवली आहे. शाळेची सगळी स्नेहसंमेलनं, पंधरा ऑगस्ट, निरोप समारंभ या कीबोर्डनं पार पाडले आणि एकदाही दगा दिला नाही.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी बायका यायच्या आधी मी तो चालू केला. अजून एकही पट्टी दाबली नव्हती. तरी कुठून तरी 'घूं' असा आवाज येत होता. बारीक, पण सलग. खोलीच्या कोपऱ्यात कुणी ओठ मिटून एकच स्वर धरून बसावं, तसा. मी आवाजाचं बटण शून्यावर नेलं. घूं होताच. तो कुठला स्वर आहे हेसुद्धा मला लगेच कळलं, सवयच आहे ती. खर्जातली पांढरी पाच, म्हणजे खालच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, पण केसभर चढी. तेवढ्या केसभरानं मला अस्वस्थ केलं, कारण मी कुठलीही पट्टी दाबली तरी ती त्या घूंला खेटून बेसूर लागायची.

हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मी विचारलं, "काही ऐकू येतंय का हो?"

"कशाचं?"

"असंच. घूं असं."

ह्यांनी मान वर करून थोडा वेळ ऐकलं. "न्हाई बा," म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले.

ह्यांच्या 'न्हाई'ला अर्थ नव्हता. साखर कारखान्याच्या टर्बाइन हाउसमध्ये ह्यांनी सारी नोकरी काढली. गळीत हंगामात आठ-आठ तास त्या आवाजात उभं राहून ह्यांचे कान केव्हाच मंदावले होते. आमचा टीव्ही रस्त्यावर ऐकू जातो. दाराची बेल मलाच ऐकावी लागते. कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हणून मी किती वर्षं मागे लागले होते, पण ह्यांचं उत्तर ठरलेलं, "मला जे ऐकायचं ते येतंय ऐकू."

थोड्या वेळानं शेजारच्या काकू आल्या. आमचं भजनी मंडळ त्याच चालवतात. मी त्यांना विचारलं. त्यांनी टाळ खाली ठेवले, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला तर काय ऐकू येत न्हाई बाई. पंखा असंल." मग बाकीच्या आल्या, टाळ सुरू झाले आणि त्या गलक्यात घूं बुडून गेला. कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं होतं, आणि एकटीच्याच आलं होतं, हे मला खुपायला लागलं.

माझ्या आईच्या कानात साठीनंतर गिरणी सुरू झाली होती. तिचाच शब्द हा. "कुणीतरी दळतंय गं," म्हणायची. आम्ही हसायचो. मग हळूहळू तिला बाहेरचं ऐकू येईना, फक्त ती गिरणी उरली. शेवटी शेवटी ती माणसांत बसायचीच नाही. मला एकसष्टावं लागलं होतं. हिशेब अगदी जुळत होता.

एकदा ते डोक्यात शिरल्यावर मला घूं सगळीकडे ऐकू यायला लागला. कीबोर्ड बंद करून मी स्वयंपाकघरात मेथी निवडायला बसले तरी तो मागे यायचा. फ्रिजचा असेल म्हणून मी फ्रिजची पिन काढली. थांबला असं वाटलं, मग वाटलं, नाही, आहे. नळाची तोटी घट्ट केली. दुपारी घर शांत असताना मी मुद्दाम उभी राहून ऐकायची, आणि मुद्दाम ऐकायला गेलं की काही ना काही ऐकू येतंच. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जायचे तेव्हा मला उलट बरं वाटायचं. तेवढा वेळ आत काय चाललंय ते कळायचं नाही.

डॉक्टरांकडे का गेले नाही, असं कुणी विचारेल. भीती, दुसरं काय. आयुष्यभर पोरींना 'कान उघडे ठेवा' म्हणून सांगितलेली बाई मी. एखादी पोरगी सुराला जराशी कमी लागली तरी चाळीस जणींत मी तिला हुडकून काढायची. माझा कानच गेला तर माझ्याकडे दुसरं होतं काय? तपासल्याशिवाय ते खरं नव्हतं, म्हणून मी तपासत नव्हते. दोन गुरुवार घसा बसल्याचं निमित्त सांगून मी भजन रद्द केलं. कीबोर्डवर चादर घातली.

ह्यांना ऐकू कमी येतं, दिसायला नीट दिसतं. एका सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "धा दिवस झाले, चादर काढली न्हाईस तू."

"कंटाळा आलाय."

"तुला? पेटीचा?" कीबोर्डला हे पेटीच म्हणतात. ह्यांनी कप खाली ठेवला. "काय झालंय सांग."

मग मी सांगितलं. घूंचं, आईचं, फ्रिजची पिन काढल्याचं, सगळं. ह्यांना नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागत होतं. मनात इतके दिवस दाबून ठेवलेली गोष्ट अशी ओरडून सांगताना मला रडू यायला लागलं. हे उठले, आतून आपला लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले आणि म्हणाले, "चालू कर."

मी कीबोर्ड चालू केला. घूं सुरू झाला, निदान मला तरी. ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्पीकरच्या जाळीच्या कडेला टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर दाबून धरली. डोळे मिटले. कारखान्यात टर्बाइनची बेअरिंग हे अशीच तपासायचे, हे मी ऐकून होते. करताना कधी पाहिलं नव्हतं.

"हाय," हे म्हणाले.

"काय आहे?"

"आवाज हाय. एकसारखा चाललाय. कानाला कळत न्हाई, हाडाला कळतंय." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या कानात न्हाई तो. हितं हाय."

मला लगेच मोकळं वाटायला हवं होतं, पण मी संशयी आहे. मला वाटलं, हे माझी समजूत काढतायत. तसं मी बोलूनही दाखवलं. हे चिडले नाहीत. कारखान्यातही साहेब लोक तोंडी सांगितलेलं कधी मानायचे नाहीत, एवढंच म्हणाले. मग मला स्वयंपाकघरात पाठवलं. हाक मारली की यायचं, खोलीच्या दारात उभं राहायचं, आवाज आहे की नाही एवढं सांगायचं आणि परत जायचं. कीबोर्डचा लाल दिवा दिसू नये म्हणून ह्यांनी त्यावर चादर टाकली, आणि कीबोर्ड कधी चालू ठेवायचा, कधी बंद, ते ह्यांच्या मनावर.

मी बारा वेळा आले आणि बारा वेळा गेले. "आहे." "आहे." "नाही." मधल्या एका वेळी मी बराच वेळ दारात उभी राहिले. मला आहे असंही वाटत होतं आणि नाही असंही. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते, चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून. शेवटी मी "नाही" म्हणाले आणि गेले.

बारावी खेप झाल्यावर ह्यांनी मला पेपर दाखवला. समासात बारा खुणा होत्या, चालूची उभी रेघ आणि बंदचं शून्य, आणि प्रत्येकीसमोर माझं उत्तर. बाराच्या बारा उत्तरं जुळत होती.

"कान ठणठणीत हाय तुझा," हे म्हणाले. "पेटी आजारी हाय."

मी तिथंच सोफ्यावर बसले. पाठीवरून भरलेलं पोतं खाली ठेवल्यावर खांद्यांना काही क्षण काय करावं ते कळत नाही, तसं माझं झालं. मग मला हसू यायला लागलं, आणि मला हसताना बघून हेही हसायला लागले. सकाळची भांडी तशीच पडली होती.

त्या दिवसापासून हे कामाला लागले. निवृत्तीनंतर इतके खुशीत मी ह्यांना पाहिलं नव्हतं. ह्यांची रीत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मला विचारायचं. ट्यूब बंद केली. "फरक?" नाही. टीव्हीचा डबा काढला. नाही. मोबाईलचा चार्जर काढला. नाही. पंखा बंद केला, आणि मी हात वर केला. घूं तसाच होता, पण त्याच्यावर एक बारीक किरकिर चढलेली होती, ती गेली. ती वेगळी आहे हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पंख्याचा रेग्युलेटर त्याच बोर्डावर होता, त्याची ती किरकिर. म्हणजे काकू निम्म्या बरोबर होत्या. हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

उरला घूं. ह्यांनी ठरवलं, अर्थिंग वाळलंय. घरामागे अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात ह्यांनी मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतलं, तासभर मुरू दिलं आणि मला विचारलं. काही फरक नव्हता. आणखी एक बादली ओतली. मी कीबोर्डची पिन हातात घेऊन बघत होते. तिला दोनच काड्या होत्या.

"अहो, अर्थिंगची काडी जाड असते ना? तिसरी?"

"व्हय."

"ह्याला नाहीये ती."

ह्यांनी पिन उलटसुलट करून पाहिली. "मग तीन बादल्या गेल्या म्हणायच्या," म्हणाले आणि रिकामी बादली ठेवायला गेले.

सेलची कल्पना माझी. कीबोर्डच्या पोटात सहा मोठे सेल बसतात. शाळेच्या मैदानावर लाईट नसायची तेव्हा मी त्यावरच वाजवायची. त्या मापाचे सेल आता सहजी मिळत नाहीत, सगळ्या बॅटऱ्या चार्जिंगच्या झाल्यात. हे सायकलवर निघाले, चार दुकानं फिरले आणि पाचव्या दुकानातून सहा सेल घेऊन आले. मी ते बसवले, पिन भिंतीतून काढली आणि बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही. लाल दिवा लागला होता, आवाज निम्म्यावर होता आणि खोली शांत होती. मी मध्यातली एक पट्टी दाबली. तिचा स्वर एकटा आला, स्वच्छ, आणि बोट उचलल्यावर थांबला. त्याच्या मागे काही उरलं नाही. मी तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. हे समोर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते, कारण उत्तर ह्यांना तिथूनच कळायचं.

"गेला," मी म्हणाले.

"मग लाईट आत येते त्या वाटेतच खोट हाय," हे म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मी तो काढून घेतला. टर्बाइन वेगळं आणि हे वेगळं.

संगमनेरला एक जुने मिस्त्री आहेत. टेपरेकॉर्डर, बँडवाल्यांचे साउंड, असलं सगळं दुरुस्त करतात. त्यांचा पत्ता एका बँडवाल्यानं दिला. कीबोर्ड गोधडीत गुंडाळून आम्ही तळेगावमार्गे एसटीनं गेलो. कंडक्टरनं विचारलं, गोधडीत काय आहे, आणि ह्यांनी पेशंट म्हणून सांगितलं.

मिस्त्री माझ्याच वयाचे असतील. जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात टेस्टर. त्यांनी कीबोर्ड चालू केला, मान तिरकी करून ऐकलं. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "खर्जातली पांढरी पाच आहे. पण केसभर चढी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही गाता का ताई?"

"शिकवायचे."

"मग निम्मं काम तुम्हीच केलंत. लाईटची घरघर कायम त्याच जागी बोलते. मी मीटर लावून काढतो, तुम्ही कानानं काढली."

एवढं ऐकायला मी संगमनेरपर्यंतच काय, आणखी लांबही गेले असते. महिनाभर ज्या कानांवर माझा भरवसा उरला नव्हता, त्यांनाच त्यांनी मीटरच्या पंगतीला बसवलं होतं.

त्यांनी खालचे स्क्रू काढून कीबोर्ड उघडला. आत इतकी धूळ होती की मला लाज वाटली. एका कोपऱ्यातल्या बोटाएवढ्या दोन नळकांड्या त्यांनी दाखवल्या. "हे कपॅसिटर. भिंतीतून येणारी लाईट हे सपाट करतात, मग ती पुढं जाते. आतून वाळून गेलेत, वय झालं. आता लाईटचे हेलकावे तसेच स्पीकरपर्यंत जातायत." बदलायला आणि सगळं साफ करायला चार तास लागतील म्हणाले.

आम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहिलो. चार तास कुठे काढायचे? मीच म्हणाले, "इथं कानाचे डॉक्टर असतील."

"आता कशाला? कळलं ना तुझं."

"आईला तपासायचं आम्ही राहू दिलं होतं. मला एकदा बघायचंय. आणि एकटी जाणार नाही मी."

हे पायरी उतरले. मग म्हणाले, "चल."

त्या छोट्या बंद खोलीत हेडफोन लावून आम्ही आळीपाळीनं बसलो. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. माझे कान वयाच्या मानानं चांगले निघाले. अगदी वरच्या पट्टीतलं थोडं कमी झालंय, ते या वयात होतंच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खालची पट्टी शाबूत. ह्यांचा कागद बघून मात्र त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला घरात काय काय ऐकू येतं?" ह्यांनी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिचं येतं. ती मोठ्यानं बोलती म्हणून." दोन्ही कानांना मशीन लावायचं ठरलं. एवढं निमूटपणे हे कशाला तयार होतील असं मला कधीच वाटलं नव्हतं.

आम्ही परत गेलो तेव्हा कीबोर्ड काउंटरवर मांडून ठेवला होता, पुसलेला. मिस्त्रींनी पिन भिंतीत लावली. घूं नव्हता. मी कान स्पीकरजवळ नेला. अगदी जवळ गेल्यावर वाफेसारखं बारीक 'श्श' ऐकू आलं. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तो राहणार ताई. त्या काळच्या मालाची ती जातच आहे. दोन हात लांब बसा, ऐकू येणार नाही." आवाजाचं बटण फिरवताना खरखरायचं, तेही त्यांनी साफ करून दिलं होतं. माझी गुंडी मात्र तशीच ठेवली होती. सेल पोटात ठेवू नका, गळतील, हे दोनदा बजावलं.

येताना एसटीत खिडकीजवळ हे बसले, मधे गोधडीत कीबोर्ड आणि या बाजूला मी. तळेगावपर्यंत हे झोपले. गाडी जुनी होती, प्रत्येक पत्रा वेगळा वाजत होता. मी त्यातला एकही आवाज तपासला नाही. भूक लागली होती आणि घरी गेल्यावर पिठलं करायचं की खिचडी, एवढाच विचार डोक्यात होता.

गुरुवारी बायका आल्या. दोन आठवड्यांची कसर काढायची म्हणून जरा जास्तच वेळ बसल्या. काकूंनी एका ठिकाणी सूर सोडला, मी हात थांबवून त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. "बाई, घसा बरा झाला वाटतं तुमचा," त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले आणि पुढची ओळ धरली.